आमदारांनी मत मांडलं, पण ते लिहिलंय कुठे? पुणेकरांचे नेहमीचे प्रश्न

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या पाच-सहा सोसायट्यांनी मिळून सभा घेतली. विषय होता टेकडीच्या पायथ्याला येऊ घातलेला रस्ता. एका लोकप्रतिनिधींनी माईक हातात घेऊन सांगितलं, "माझा या रस्त्याला ठाम विरोध आहे, मी तो शासनाकडे नोंदवला आहे." टाळ्या पडल्या आणि आम्ही निर्धास्त झालो. पुढे काम सुरू व्हायची चिन्हं दिसली, तेव्हा माहिती अधिकारात अर्ज केला. उत्तर आलं : असे कोणतेही पत्र या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही.

त्या दिवसापासून मी प्रत्येक आश्वासनाला एकच प्रश्न विचारते : हे लिहिलंय कुठे? शेजारचे, ओळखीचे, टेकडीवर फिरायला येणारे लोक आता मलाच हे प्रश्न विचारतात. तीच प्रश्नोत्तरं इथे एकत्र केली आहेत.

आमदारांनी "अधिकृतपणे" मत मांडलं असं कधी म्हणायचं?

ज्या मताची तारखेसह नोंद आहे आणि ती नोंद तुम्ही-आम्ही उद्या मागू शकतो, तेच अधिकृत. विधानसभेत किंवा विधान परिषदेत बोललेला शब्द कार्यवाहीत, म्हणजे सभागृहाच्या लेखी नोंदीत, येतो. मंत्र्यांना किंवा आयुक्तांना दिलेल्या पत्राला आवक क्रमांक मिळतो. जिल्हा नियोजन समिती, कालवा सल्लागार समिती अशा बैठकांचं इतिवृत्त, म्हणजे लेखी वृत्तांत, होतं. विकास आराखड्यावर दिलेली लेखी हरकत फायलीला लागते.

गणपतीच्या मांडवातलं भाषण, वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचं वाक्य, व्हॉट्सॲपवर फिरणारी क्लिप यांपैकी काहीच फायलीत जात नाही. बातमीतलं विधान थोडं वर धरायला हरकत नाही, कारण ते उद्या दाखवता येतं. पण मंत्रालयातला कक्ष अधिकारी टिपणी लिहायला बसतो तेव्हा त्याच्यासमोर कात्रण नसतं, पत्र असतं.

पुण्याचे आमदार नेमके किती? आम्ही कोणाकडे जायचं?

विधानसभेच्या २८८ जागांपैकी २१ पुणे जिल्ह्यात आहेत. शहरात आठ : कसबा पेठ, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, खडकवासला, हडपसर, वडगाव शेरी आणि पुणे कॅन्टोन्मेंट. पिंपरी-चिंचवडकडे तीन : पिंपरी, चिंचवड, भोसरी. बाकीचे दहा जुन्नरपासून इंदापूरपर्यंत ग्रामीण भागात.

याशिवाय ७८ सदस्यांची विधान परिषद आहे, आणि तिथले आपले आमदार आपण हमखास विसरतो. पुणे पदवीधर आणि पुणे शिक्षक हे दोन मतदारसंघ पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर अशा पाच जिल्ह्यांचे आहेत. पदवीधर म्हणून नाव नोंदवलं असेल तर त्या आमदारांना जाब विचारण्याचा तुमचा हक्क तितकाच पक्का आहे. विधानसभेत एखादा विषय अडला तर परिषदेतून तो मांडून घेता येतो. आम्ही हे केलं आहे आणि त्याचा उपयोग झाला.

रस्ते, कचरा, पाणी ही महापालिकेची कामं. मग आमदाराच्या मताला किंमत काय?

प्रश्न रास्त आहे. आमदार महापालिकेच्या मुख्य सभेचे सदस्य नसतात, तिथे त्यांना मत नाही. आयुक्तांनी आमदारांच्या पत्राप्रमाणेच वागावं असं कोणताही कायदा सांगत नाही.

पण महापालिकेच्या डोक्यावर राज्य सरकार बसलेलं आहे. आयुक्त राज्य नेमतं. विकास आराखड्याला अंतिम मंजुरी राज्य देतं. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली महापालिकेचा ठराव निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकारही राज्याला आहे. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्याचं काय झालं ते आठवा. मार्च २०१५ मध्ये राज्याने तो महापालिकेच्या हातून काढून घेतला, विभागीय आयुक्तांच्या समितीकडे दिला आणि जानेवारी २०१७ मध्ये मंजूर केला. त्या काळात नगरसेवकांकडे चकरा मारणाऱ्यांचे श्रम वाया गेले, कारण निर्णयाची जागाच मुंबईला गेली होती.

त्यातच मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि साडेतीन वर्षांहून अधिक काळ महापालिकेवर प्रशासक राहिला. शहराच्या वतीने लेखी बोलू शकणारे निवडून आलेले लोक म्हणजे आमदार आणि खासदार, एवढेच उरले होते. त्या वर्षांत कोणी काय नोंदवलं हे तपासून पाहणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

तारांकित, अतारांकित, लक्षवेधी, औचित्य... यांतलं कशाला किती वजन?

जरा सविस्तर सांगते, कारण आमदारांची कार्यालयं हे सगळं "विषय सभागृहात मांडला" या एकाच वाक्यात गुंडाळतात.

तारांकित प्रश्न : प्रश्नोत्तराच्या तासात मंत्री तोंडी उत्तर देतात आणि उपप्रश्न विचारता येतात. छापील प्रश्नाची भाषा ठरलेली असते. "पुणे शहरातील अमुक ठिकाणी अमुक झाले आहे, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय? असल्यास, कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" उत्तरंही ठराविक : "होय", "हे अंशतः खरे आहे", "हे खरे नाही", "प्रश्न उद्भवत नाही". यांतलं "अंशतः खरे आहे" आलं की मी कान टवकारते. सरकारने काहीतरी मान्य केलेलं असतं. ते काय, हे पुढच्या दोन ओळींत सापडतं.

अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर मिळतं. आकडे, तारखा, खर्च हवा असेल तर माझ्या मते हाच उत्तम मार्ग. गाजावाजा होत नाही, पण हातात कागद येतो.

लक्षवेधी सूचना तातडीच्या सार्वजनिक विषयासाठी असते. विधानसभेत नियम १०५ खाली, परिषदेत नियम १०१ खाली. मंत्र्यांना निवेदन करावं लागतं, त्यावर सदस्य प्रश्न विचारतात, आणि त्या रेट्यात मंत्री बरेचदा "एक महिन्यात बैठक घेऊ", "चौकशी करू" असं बोलून जातात. ते बोलणं फार मोलाचं असतं. का, ते पुढे सांगते. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की सूचना दिली म्हणजे ती चर्चेला आली असं होत नाही. सूचना ढिगाने येतात, आणि कोणती घ्यायची हे अध्यक्ष (परिषदेत सभापती) ठरवतात. "मी लक्षवेधी दिली आहे" आणि "माझ्या लक्षवेधीवर उत्तर आलं" या दोन वाक्यांत बराच फरक आहे.

एखाद्या प्रश्नाच्या उत्तराने समाधान झालं नाही तर त्यावर अर्धा तास चर्चा मागता येते. हे आयुध कमी वापरलं जातं, याचं मला वाईट वाटतं.

विधानसभेत नियम २९३ आणि परिषदेत नियम २६० खालच्या चर्चा लांबलचक चालतात. तिथे आपल्या आमदारांच्या वाट्याला काही मिनिटं येतात आणि त्यात ते पाच-सात विषय भरतात. नोंद राहते, पण त्या विषयाचं नेमकं उत्तर येईलच असं नाही.

आणि औचित्याचा मुद्दा?

बोलायला क्षणभर मिळतं, विषय कार्यवाहीत येतो. मंत्र्यांनी तिथल्या तिथे उत्तर दिलंच पाहिजे असं बंधन नाही. सुरुवात म्हणून चांगला. त्यावरच थांबलेल्या आमदारांना पुढच्या अधिवेशनात प्रश्न द्यायला सांगा.

आमच्या आमदार मंत्री आहेत. त्या सभागृहात आमचा प्रश्न का विचारत नाहीत?

कारण मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. डिसेंबर २०२४ च्या मंत्रिमंडळ विस्तारात कोथरूडचे चंद्रकांत पाटील मंत्री झाले आणि पर्वतीच्या माधुरी मिसाळ राज्यमंत्री. अशा मतदारसंघांतून तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी येणार नाही, हा त्यांचा दोष नव्हे, पदाचा नियम आहे. मार्च २०२५ मध्ये पिंपरीचे अण्णा बनसोडे विधानसभेचे उपाध्यक्ष झाले. पीठासीन, म्हणजे सभागृह चालवणाऱ्या पदावरच्या व्यक्तीलाही सभागृहात बाजू घेऊन लढता येत नाही.

अशा वेळी दोन गोष्टी करा. मंत्र्यांकडे बैठक लावण्याची लेखी मागणी करा आणि त्या बैठकीचं इतिवृत्त मागून घ्या. मंत्र्यांच्या बैठकीचं इतिवृत्त प्रश्नाच्या उत्तरापेक्षा लवकर कामाला येतं. दुसरं, शेजारच्या मतदारसंघातल्या आमदारांना प्रश्न द्यायला सांगा. आमदाराने आपल्याच मतदारसंघाबद्दल विचारावं असा नियम नाही.

पाण्याबद्दल आमदार जे बोलतात ते नेमकं कुठे नोंदलं जातं?

पाण्याचं खरं भांडण विधानभवनापेक्षा कालवा सल्लागार समितीत होतं. पुणेकरांनी त्याकडे जितकं लक्ष द्यायला हवं तितकं आपण देत नाही.

खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. त्याच पाण्यावर शहर जगतं आणि त्याच पाण्यावर दौंड, इंदापूर, हवेली, बारामती भागातली शेती. रब्बीचं आवर्तन (कालव्यातून शेतीला पाणी सोडण्याची पाळी) किती दिवसांचं, उन्हाळी आवर्तन एक की दोन, जून-जुलै उजाडेपर्यंत शहरासाठी किती राखायचं, हे या समितीत ठरतं. बैठक बहुधा पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली होते आणि तिथे शहरातले व ग्रामीण भागातले आमदार समोरासमोर असतात.

इंदापूरचे प्रतिनिधी म्हणतात, शहर ठरल्यापेक्षा जास्त पाणी उचलतं आणि गळतीत घालवतं. शहराचे म्हणतात, हद्द वाढली, गावं आली, माणसं वाढली, पाणी कोटा तोच. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं महापालिकेत आली, आणि त्यांतल्या कितीतरी वस्त्या आजही टँकरवर आहेत. दुसरीकडे, प्रक्रिया केलेलं साडेसहा टीएमसी पाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे पाणी उपसणाऱ्या विहिरीतून, शेतीसाठी बेबी कालव्यात सोडण्याचं ठरलं होतं. ते पाणी किती जातं आणि कसल्या प्रतीचं जातं, हा खालच्या शेतकऱ्याचा प्रश्न अगदी न्याय्य आहे. शहरात राहून हे म्हणणं सोपं नाही, पण म्हणायला हवं.

म्हणून आपल्या आमदारांना "पाणीकपातीला विरोध आहे का?" असं विचारू नका. त्याला सगळेच हो म्हणतात. विचारा : गेल्या कालवा समितीच्या बैठकीला तुम्ही होतात का? शहरासाठी किती टीएमसी मागितलं? गळतीबद्दल काय सांगितलं? इतिवृत्त जलसंपदा विभागाकडून माहिती अधिकारात मागता येतं.

यांतल्या बऱ्याच बैठका कॅम्पजवळच्या कौन्सिल हॉलमध्ये होतात. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलची पावसाळ्यातली बैठक पुण्यात भरत असे. टिळक आणि गोखले दोघेही त्या कौन्सिलचे सभासद होते. आत जाताना मला दर वेळी त्याची आठवण होते.

विधिमंडळाने ठराव केला म्हणजे काम झालं का?

नाही. ठराव म्हणजे सभागृहाने औपचारिकरीत्या व्यक्त केलेलं मत. २७ डिसेंबर २०२२ रोजी नागपूरला दोन्ही सभागृहांनी सीमाभागातल्या ८६५ गावांबद्दल एकमताने ठराव केला. त्यातून महाराष्ट्राची भूमिका पक्की झाली, पण प्रश्न सर्वोच्च न्यायालयात आहे आणि ठरावाने सीमा हलली नाही. शहराच्या बाबतीतही तसंच. विषय केंद्राच्या हातातला असेल, विमानतळ किंवा लष्करी जमिनीचा असेल, तर ठराव किंवा पत्र म्हणजे शिफारस, त्यापुढे काही नाही.

मंत्री सभागृहात "करू" म्हणाले. आता किती थांबायचं?

सभागृहात मंत्र्यांनी दिलेल्या आश्वासनांवर विधिमंडळाची आश्वासन समिती लक्ष ठेवते. पूर्ततेसाठी ९० दिवसांची मुदत धरली जाते. ती वारंवार ओलांडली जाते, हेही खरं. पण आश्वासन एकदा यादीत चढलं की विभागाला त्याचं उत्तर देत राहावं लागतं. मघाशी लक्षवेधीतल्या बोलून गेलेल्या वाक्याला मोल आहे म्हटलं ते यासाठी.

पिंपरी-चिंचवडचा शास्तीकर घ्या. अनधिकृत बांधकामांवरच्या या दंडाने हजारो कुटुंबं वर्षानुवर्षं पिचली. तिथल्या आमदारांनी तो विषय अधिवेशनामागून अधिवेशनं लावून धरला. डिसेंबर २०२२ च्या नागपूर अधिवेशनात माफीची घोषणा झाली आणि मार्च २०२३ मध्ये शासन निर्णय निघाला. मधल्या काळात महापालिकेच्या खिडकीवर "घोषणा झालीय ना?" म्हणून भांडण्यात अर्थ नव्हता. शासन निर्णय येईपर्यंत तिथला लिपिक काहीही करू शकत नाही.

पुण्यात मिळकतकराच्या ४० टक्के सवलतीचं असंच झालं. स्वतः राहत असलेल्या घराला ही सवलत १९७० च्या ठरावापासून मिळत होती. ती पुढे राज्याने बंद केली, लोकांच्या हातात वाढीव बिलं पडली. कसब्याच्या २०२३ च्या पोटनिवडणुकीत हा विषय घराघरांत पोहोचला, सत्ताधारी आणि विरोधी दोन्ही बाजूंच्या आमदारांनी तो लावून धरला आणि त्याच वर्षी सवलत परत आली. पण त्यासाठीचा पीटी-३ हा अर्ज भरायचा राहिला म्हणून कितीतरी ज्येष्ठ नागरिक वंचित राहिले. आमच्या इमारतीत आम्ही दारोदार जाऊन ते अर्ज भरून घेतले.

आमदार आपल्या पक्षाविरुद्ध भूमिका घेऊ शकतात का?

घेऊ शकतात. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याचा व्हिप, म्हणजे पक्षादेश, मतदानाला लागतो. पत्र लिहायला, हरकत नोंदवायला, प्रश्न विचारायला तो आड येत नाही. "पक्षाचे आदेश आहेत" असं कोणी सांगितलं तर नम्रपणे विचारा : पत्र लिहू नका असा आदेश आहे का?

विषय कोर्टात आहे, त्यामुळे बोलता येत नाही, असं सांगतात.

सभागृहात न्यायप्रविष्ट बाबीवर चर्चा टाळतात, हे बरोबर. पण टेकडीवरच्या एका रस्त्याची याचिका चालू आहे म्हणून टेकड्यांच्या धोरणाबद्दल बोलायला कोणी अडवलेलं नाही. (२०२१ च्या नव्हे, त्याआधी महापालिकेत आलेल्या) जुन्या २३ गावांतल्या सुमारे ९७८ हेक्टर टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आहे, २०१५ मध्ये राज्याने ते कायम केलं. त्या जागा ताब्यात किती आल्या, मोबदल्याचं काय झालं, अतिक्रमणं किती, हे कोणत्याही आमदाराला आजही विचारता येतं.

वेताळ टेकडीवरून जाणाऱ्या बालभारती–पौड फाटा रस्त्याबद्दल पुण्यात दोन मतं आहेत. विधी महाविद्यालय रस्त्यावर रोज अडकणाऱ्याचं म्हणणं मी खोटं मानत नाही. मी टेकडीच्या बाजूची आहे. आमदार माझ्याविरुद्ध असले तरी चालेल, पण त्यांनी ते लिहून द्यावं.

विकास आराखड्यावर आमदारांनी हरकत घेतली तर ती आमच्या हरकतीपेक्षा मोठी?

कायद्याने नाही. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाखाली प्रारूप आराखडा जाहीर झाला की कोणीही मुदतीत हरकत-सूचना देऊ शकतं आणि सुनावणीला जाऊ शकतं. आमदारांचं पत्र आलंय म्हणून स्वतःची हरकत द्यायची सोडू नका. सुनावणीला तुमचं नाव पुकारलं जाईल, त्यांच्या पत्राचं नाही.

आमदारांचं पत्र खरंच गेलंय का, हे कसं तपासायचं?

आधी त्यांच्या कार्यालयात पोच असलेली प्रत मागा. ज्यांनी पत्र दिलेलं असतं ते आनंदाने देतात. मिळाली नाही तर ज्या कार्यालयाला पत्र गेलं असं सांगितलं, तिथल्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. अर्जात "सर्व पत्रव्यवहार द्यावा" असं मोघम लिहू नका. विषय, रस्त्याचं किंवा सर्व्हे नंबरचं नाव आणि कालावधी लिहा, आणि "त्यावर केलेल्या कार्यवाहीच्या टिपणीसह" हे शब्द जोडा. पत्रापेक्षा टिपणीतून जास्त कळतं.

सभागृहातल्या बोलण्यासाठी विधिमंडळाच्या संकेतस्थळावर कार्यवाही आणि प्रश्नोत्तरांच्या याद्या असतात.

नागरिक थेट विधिमंडळाकडे जाऊ शकतात का?

विनंती अर्ज समिती त्यासाठीच आहे. अर्ज एखाद्या सदस्यामार्फत सादर व्हावा लागतो, म्हणजे एका आमदाराची सही लागतेच. समितीने विषय घेतला तर ती सचिवांना बोलावून विचारते. वेळ लागतो. ज्या प्रश्नांना घाई नाही पण जे वर्षानुवर्षं लोंबकळत आहेत, त्यांच्यासाठी हा मार्ग चांगला.

आमदारांना पत्र लिहायचं तर कसं आणि कधी?

एका पत्रात एक विषय. पान सव्वापान. मागणी पहिल्या परिच्छेदात : "या विषयावर आपण येत्या अधिवेशनात अतारांकित प्रश्न द्यावा." सोबत प्रश्नाचा मसुदा "हे खरे आहे काय" च्या नमुन्यात लिहूनच द्या. आमदारांच्या स्वीय सहायकांकडे कामाचा डोंगर असतो, तयार मसुदा पुढे सरकतो. माझे तीन मसुदे जवळजवळ जसेच्या तसे छापून आले.

वेळ सगळ्यात महत्त्वाची. प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या कित्येक आठवडे आधी द्याव्या लागतात. अर्थसंकल्पी अधिवेशन फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होतं, त्यासाठी जानेवारीच्या सुरुवातीला जा. पावसाळी अधिवेशनासाठी मे महिन्यात, डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनासाठी दिवाळीच्या आधी. अधिवेशन सुरू झाल्यावर गेलात तर लक्षवेधी किंवा औचित्याचा मुद्दा एवढंच हाताशी उरतं.

आमदारांनी आधी विरोध केला आणि आता पाठिंबा देत आहेत. ही फसवणूक आहे का?

नेहमीच नाही. नवी माहिती येते, आराखडा बदलतो, पर्याय निघतो. माझंही मत काही विषयांवर बदललं आहे. पण मत बदलल्याचं कारण लेखी मागायचा हक्क आपल्याला आहे, आणि जुनं पत्र हातात असेल तरच तो बजावता येतो. आमच्या गटाने आता एक साधी वही ठेवली आहे : तारीख, कोण, कुठल्या विषयावर, काय म्हणाले, कुठे नोंदलं. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर पंधरा दिवसांनी आमच्यापैकी कोणीतरी त्यांच्या कार्यालयात जाऊन प्रत मागतं.